जुनी हेराल्ड: पूर्ण खोलायची, की आधी चालती करायची?

आजोबांची किंवा वडिलांची जुनी स्टँडर्ड हेराल्ड मोटार शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी असली की घरात तीन पक्ष पडतात. एकाला ती नटबोल्ट खोलून नव्यासारखी हवी असते. दुसरा म्हणतो, आधी चालू तर होऊ दे. तिसऱ्याला पार्किंगची जागा मोकळी हवी असते. आमच्याकडे एक आणि मेहुण्याकडे एक, अशा दोन हेराल्ड आहेत, दोन्ही दोन दारांच्या. मेहुण्याने पहिला मार्ग धरला, मी दुसरा. दोन्हीकडे हात काळे केले आहेत, त्यावरून लिहितोय. मोजमापं माझ्याकडे नाहीत.

हेराल्डला स्पोर्ट्स कार म्हटलं की जाणकार हसतात. हसू देत. इटालियन डिझायनर मिकेलोत्तीने आखलेली, दोन दारांची, पुढचं अख्खं नाक उचलून इंजिन उघडं करणारी ही गाडी आमच्या गल्लीत तरी स्पोर्ट्स कारच होती. हेराल्ड मुळात ज्यांची, त्या विलायतेतल्या ट्रायम्फ कंपनीने १९६२ साली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली तीही हिचीच चासी आखूड करून. हे नातं नुसतं मिरवायला नाही, कामालाही येतं. स्पिटफायर १९८०पर्यंत बनत होती, त्यामुळे पुढच्या सस्पेन्शनचे पुष्कळ भाग आजही तिकडे नवे मिळतात आणि आपल्या गाडीला बसतात.

तुमची चार दारांची असेल तर मात्र गणित बदलतं. चार दारांची हेराल्ड मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनेच बनवली, इंग्लंडमध्ये ती कधी झालीच नाही. मागची दारं सडली असतील तर हाताने पत्रा ठोकणारा कारागीर शोधण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तो खर्च हिशेबात धरूनच पुढचं वाचा.

पूर्ण खोलण्याचा मोह मला समजतो. ही गाडी खोलायला इतकी सोपी आहे की मोह होणारच. छप्परसुद्धा बोल्टवर आहे. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी, त्यामुळे बॉडी उचलली की खालचा गंज लख्ख दिसतो, वाळूच्या माऱ्याने (सँडब्लास्ट) काढता येतो, पाइप आणि वायरिंग नव्याने ओढता येतं. झालेलं काम डोळ्यांत भरतं. मेहुण्याची गाडी प्रदर्शनात उभी केली तर लोक माझ्या गाडीकडे वळूनही बघणार नाहीत, हे मान्य.

पण माझा कौल ठरला तो मेहुण्याच्या गाडीच्या दारावरून.

हेराल्डची बॉडी एकसंध नाही. पुढचा स्कटल (काच आणि डॅशबोर्डचा भाग) आणि मागचा टब (सीटपासून डिकीपर्यंतचा भाग) असे दोन मोठे तुकडे चासीवर बोल्टने बसवलेले असतात आणि जागोजागी चकत्यांचं पॅकिंग असतं. कुठे एक चकती, कुठे दोन, कुठे एकही नाही. दाराच्या फटी त्यांच्यावर जुळवलेल्या असतात. मेहुण्याच्या गॅरेजवाल्याने बॉडी उतरवली आणि त्या गंजक्या चकत्या भंगारात गेल्या. कुठे किती होत्या, याची नोंद कुणाकडेच नव्हती. रंग होऊन गाडी परत जोडली तेव्हा ड्रायव्हरकडचं दार लागेना. वरचा कोपरा बाहेर राहायचा, लॉक पहिल्या खटक्यावरच अडायचं. वायसर घालून एक बाजू जुळवली की दुसरीकडची फट फाके. शेवटी दाराच्या कडेला लांबी (पुट्टी) भरून फट ‘दिसायला’ सारखी केली. आता बसणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागतं: हँडल जरा वर उचला, मग जोरात ओढा. आणि जिथे ते आपटतं नेमका तिथेच त्या महागड्या रंगाचा टवका उडाला आहे.

चांगला कारागीर भेटला तर असं होत नाही, हेही खरं. खोलण्याआधी प्रत्येक जागेचा फोटो काढून चकत्या पिशव्यांत नाव घालून ठेवणारा माणूस असेल तर खुशाल खोला. मला असा माणूस भेटला नाही, म्हणून मी बॉडीला हातच लावला नाही.

माझ्या गाडीचा रंग ठिकठिकाणी उडालाय, डाव्या सिलला, म्हणजे दाराखालच्या पट्टीला, खाली भोक आहे. हेराल्डची सिल बाहेरून बोल्ट केलेली असते, चासीचा भार तिच्यावर नाही, तेव्हा ते काम थांबू शकतं. दार मात्र दोन बोटांनी लागतं.

चालती करायची तर घाईने सेल मारू नका. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडा, चांगलं मुरू द्या, मग पान्याने इंजिन हाताने फिरवून बघा. टाकी उतरवून धुवा. रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम सरसकट बदला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्यापुढे टिकत नाही. आणि पुढच्या चाकामागचे पितळी ट्रनियन, म्हणजे स्टिअरिंग वळवताना चाकाची उभी लिंक ज्यांत फिरते ते आट्यांचे सांधे. ग्रीस भरायचं निपल दिसलं की मेकॅनिक ग्रीसगन लावतो. तिथे ग्रीस नको, ९० नंबरचं गिअर ऑइल हवं. ग्रीस आत आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, लिंक कोरडी चालते, गंजते आणि एक दिवस वळणावर तुटून चाक आडवं होतं. मेकॅनिक आपल्याला वेड्यात काढेल. काढू द्या, तेल स्वतः उभं राहून भरून घ्या.

तिसरा मार्ग, मारुतीचं इंजिन टाकण्याचा, कुणीतरी सुचवणारच. गाडी रोज चालेल, पण कागद अडतील. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा, ही अट आहे. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,०००, मुदत १० वर्षं, आणि आधी नोंदलेल्या गाडीचा जुना तीन अक्षरी नंबर टिकतो. बदल्यात ती रोज रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. रविवारी सकाळी मिसळ खायला न्यायची असेल तर साध्या खासगी नोंदणीचं नूतनीकरण बघा. २० वर्षांवरच्या मोटारीला २०२५पासून त्याचे १०,००० रुपये पडतात, वर हरित कर.

आरसी बुक आजोबांच्या नावावर असेल तर पाना उचलण्याआधी वारसांच्या सह्या घ्या. गाडी गंजकी आहे तोवर आत्या हसत सही करतात. रंग झाल्यावर सगळ्यांनाच तिच्यातले बालपणीचे प्रवास आठवतात.

विकण्याबद्दल थोडक्यात. बंद गाडीला भंगाराच्या आसपासचा भाव सांगतात, चालत्या गाडीला गिऱ्हाईक सरळ बोलतं. म्हणजे विकायची असली तरी आधी चालती केलेली बरी, असं आपलं मला वाटतं.

एका बाबतीत मात्र माझा सल्ला लागू नाही. गाडीखाली झोपून चासीला पेचकस टोचून बघा, विशेषतः मागे डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याच्या) बाजूला आणि बॉडी टेकते त्या आडव्या हातांना. पेचकस आत गेला तर बॉडी उतरवावीच लागेल, मग मेहुण्याचाच रस्ता. नाही गेला तर ब्रेकचे चारही सिलिंडर आधी करून घ्या, इंजिन त्यानंतर. रंगाचं पुढच्या दिवाळीला बघता येईल.