बँकेने इमारत नेली, कर मात्र आम्ही भरला

न्यू जर्सीत आमची भाड्याने दिलेली दोन घरं होती. गळके नळ, थकलेली भाडी, हिवाळ्यात बर्फ उपसणं, सगळं आम्ही दोघांनीच केलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा, २०१७च्या मेमध्ये, दोन्ही विकली. आठ लाख डॉलर आले, त्यातले चार कर्जात गेले.

अमेरिकेत १०३१ कलमाखाली भाड्याची मालमत्ता विकून दुसरी घेतली की नफ्यावरचा कर पुढे ढकलता येतो. पण विक्रीपासून ४५ दिवसांत नवी मालमत्ता लेखी कळवावी लागते, १८० दिवसांत व्यवहार पुरा करावा लागतो. डेलावेअर स्टॅच्युटरी ट्रस्ट, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून मालमत्ता घेणारा ट्रस्ट, त्यातला हिस्साही चालतो. मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या एका मराठी एजंटाने तोच सुचवला. बँकेच्या कर्जावर घेतलेली ऑफिसची इमारत, एकच भाडेकरू कंपनी, पंधरा वर्षांचा पक्का करार. "काका, आता नुसते चेक मोजायचे!"

दोनशे पानांचं माहितीपत्र त्याने पाठवलं एकेचाळिसाव्या दिवशी. भाडेकरूला तीन वर्षांनी करार मोडायची मुभा आहे, हे त्यातच कुठेतरी होतं. आम्ही त्याच्या शब्दावर सही केली.

२०२०मध्ये भाडेकरू गेला. अशा ट्रस्टला नवं कर्ज काढता येत नाही, हिस्सेदारांकडून जादा पैसेही घेता येत नाहीत. करसवलतीचीच ती अट. २०२२मध्ये बँकेने इमारत लिलावात काढली. आमचे चार लाख बुडाले.

आणि मग कराचं बिल आलं. करखात्याच्या लेखी लिलाव म्हणजे विक्रीच. आमच्या हिश्शाचं चार लाखांचं कर्ज सुटलं, म्हणजे तेवढे पैसे आम्हाला मिळाले असं धरतात. जुन्या घरांवर वर्षानुवर्षं घेतलेल्या घसाऱ्यामुळे (झिजेपोटीची करवजावट) आमची तिथून पुढे चालत आलेली हिशेबातली खरेदी किंमत अडीच लाखांच्याही खाली होती. हातात एक सेंट न येता दीड लाखाहून जास्त नफा दाखवावा लागला. त्यातल्या घसाऱ्याच्या भागावर केंद्राचा कर २५ टक्क्यांपर्यंत लागतो. तो भरायला हिने स्वतःची ठेव मोडली.

घर विकायच्या आधीच ट्रस्टची कागदपत्रं मागवा. ती वाचायला असा सीपीए (तिथला सनदी लेखापाल) गाठा ज्याची फी फक्त तुम्ही देता. आणि एजंटाला थेट विचारा: इमारत बँकेने नेली तर माझ्यावर कर किती? कर्ज नसलेले ट्रस्टही असतात, पण आमच्याकडे त्यांचं नावही काढलं गेलं नाही.

दलालांविरुद्ध फिनराकडे (त्यांच्यावर देखरेख ठेवणारी संस्था) लवादासाठी व्यवहारापासून सहा वर्षांच्या आत जावं लागतं. आम्हाला हे कळलं तेव्हा पाच वर्षं दहा महिने उलटले होते. त्याच आठवड्यात अर्ज केला.