रोमहून क्रूझला निघताय? स्टेशनवरच्या 'मदतनीसां'पासून सांभाळा

भूमध्य समुद्रातल्या बऱ्याच क्रूझ 'रोमहून' सुटतात असं बुकिंगच्या कागदावर असतं. प्रत्यक्षात जहाज लागतं ते चिवितावेक्किया नावाच्या बंदरगावात, रोमपासून 70-80 किलोमीटर लांब. या मधल्या टप्प्यात प्रवाशाजवळ सगळं सामान असतं, रोख पैसे असतात आणि डोक्यावर जहाजाची वेळ असते. हे हेरून काम करणारी माणसं तिथे आहेत. आम्ही मित्रमंडळी क्रूझआधी रोम बघायला गेलो होतो आणि जहाजावर चढायच्या दिवशी आम्हाला अगदी पद्धतशीर लुबाडलं. लवकरच कोणी निघणार असेल तर हे नीट वाचा.

रोमच्या तेरमिनी या मुख्य रेल्वे स्टेशनवर तिकिटाच्या मशीनपाशी आम्ही बॅगा घेऊन उभे होतो. एक माणूस जवळ आला. इस्त्रीचा निळा शर्ट, गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटोचं ओळखपत्र, इंग्रजी बरं. त्याने आल्या आल्या काहीच विकायला काढलं नाही. मशीनवरची भाषा बदलून दिली, मैत्रिणीची कलंडलेली बॅग उभी केली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "क्रूझ का? कितीचं जहाज?" तिने वेळ सांगितली. त्यानंतर त्याचा चेहरा गंभीर झाला. आज संप आहे, बंदराकडच्या गाड्या रद्द आहेत, म्हणाला. फोनवर इटालियनमधली एक बातमीही दाखवली. ती कधीची आहे हे बघायच्या आत फोन खिशात गेला. इटलीत रेल्वेचे संप होतात हे खरंच आहे, म्हणून तर हे खोटं खपतं. मग 'भावाची व्हॅन' निघाली. सगळ्यांचे मिळून 50 युरो, थेट जहाजापर्यंत.

बंदर जवळ आल्यावर ड्रायव्हरने एका पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. 50 युरो माणशी होते म्हणे. शिवाय बॅगांचे वेगळे, बंदरात शिरायचे वेगळे. एकूण 400 युरो.

"अहो, स्टेशनवर सगळ्यांचे मिळून ठरले होते ना?" आमच्यातला एकजण इंग्रजीत परत परत विचारत राहिला. ड्रायव्हर आवाजही चढवत नव्हता. तो फक्त मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर बोटाने टकटक करत होता. मागचा दरवाजा कुलूपबंद, आत सगळ्या बॅगा, एका मैत्रिणीची रक्तदाबाची औषधंसुद्धा त्यातच. कार्ड चालणार नाही, रोखच हवेत. तिच्या हाताला कंप सुटला होता, ते बघून आम्ही पैसे मोजून दिले. मला पैशांपेक्षा त्या कंपाचा राग जास्त आहे.

जहाजाच्या चेक-इनच्या रांगेत पुढे उभं असलेलं जोडपं त्याच सकाळच्या ट्रेनने आलं होतं. संप वगैरे काही नव्हता.

आता जे माहीत असायला हवं ते. इटलीत रेल्वेच्या संपाची सूचना किमान 10 दिवस आधी द्यावी लागते, तसा 1990 चा कायदाच आहे. त्यामुळे सकाळी अचानक कोणी संपाची बातमी सांगितली तर आधी स्टेशनवरचा फलक बघा. गाडी रद्द झाली असेल तर तिच्यासमोर तसं लिहून येतं. संप खरा असला तरी कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. तेरमिनीहून चिवितावेक्कियाला साधी गाडी तासा-सव्वातासात पोचवते, तिकीट माणशी साधारण 5 युरो. फक्त तेरमिनीवर तिचे फलाट मुख्य फलाटांपासून बरेच आत आहेत, बॅगा ओढत जायला वेळ धरा. चिवितावेक्कियाच्या स्टेशनवरून बंदराच्या लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत बस आहे आणि पुढे जहाजापर्यंत बंदराची बस फुकट नेते.

गाडीच करायची तर रोमची अधिकृत टॅक्सी पांढरी असते. छतावर पाटी, दारावर परवान्याचा क्रमांक, आत मीटर. खासगी परवान्याच्या गाड्या आधी ठरवूनच घ्याव्या लागतात, त्यांना स्टेशनात फिरून गिऱ्हाईक गोळा करता येत नाही. म्हणजे जो स्वतःहून 'टॅक्सी?' म्हणत अंगाशी येतो, त्याच्याकडे ओळखपत्र कितीही मोठं असलं तरी पाठ फिरवा. फ्युमिचीनो विमानतळावरही हेच लोक भेटतात. तिथून रोमच्या जुन्या तटबंदीच्या आत यायला 2024 पासून 55 युरो हा ठरलेला दर आहे, तो गाडीचा, माणशी नव्हे, आणि सामान त्यातच धरलेलं. कार्ड नाकारणाऱ्याला 30 जून 2022 पासून इटलीत दंड आहे. 'रोखच द्या' म्हणणाऱ्याला हे ऐकवा, आणि बॅगा अडवल्या तर त्याच्यासमोर 112 हा आपत्कालीन मदतीचा नंबर लावा.

जहाजाची वेळ परक्या माणसाला सांगू नका, हे मी हात जोडून सांगते. चेक-इन जहाज सुटायच्या तासभर तरी आधी बंद होतं आणि स्वतःच्या सोयीने आलेल्यांसाठी जहाज थांबत नाही, हे त्यांना आपल्याइतकंच पक्कं ठाऊक असतं. शक्य असेल तर आदल्या रात्रीच चिवितावेक्कियात मुक्काम करा.

क्रूझ संपवून रोमला परतल्यावर आम्ही तेरमिनीवरच्या रेल्वे पोलिसांकडे गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने सगळ्यात आधी गाडीचा नंबर विचारला. व्हॅनमध्ये बसायच्या आधी एका मित्राने सगळ्यांचा फोटो काढला होता, त्यात मागे नंबर प्लेट पूर्ण आली होती. त्यावरून तक्रार लिहून घेतली गेली, तिची प्रत विमा कंपनीकडे पाठवली आहे. पैसे परत येतील असं वाटत नाही, पण त्या गाडीचा नंबर आता पोलिसांकडे नोंदलेला आहे.