नोकरी करत मुक्त विद्यापीठातून बीए: माझा रिव्ह्यू

5 पैकी 4 स्टार. पाचवा का नाही ते पुढे सांगतो.

चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून मराठी माध्यमात बीए केलं. अजूनही लोक विचारतात, म्हणजे बाहेरून केलंस का? नाही राव, तसं नाही. बाहेरून बसणं म्हणजे फॉर्म भरा, सिलॅबस घ्या, पुस्तकं तुमची तुम्ही शोधा आणि परीक्षेला या. इथे पुस्तकच मुळात एकट्याने वाचणाऱ्यासाठी लिहिलेलं असतं. धड्याला घटक म्हणतात, सुरुवातीलाच यातून काय शिकायचंय ते दिलेलं असतं आणि मध्ये मध्ये स्वयंअध्ययनाचे प्रश्न. मी आधी ते प्रश्न सरळ गाळून पुढे जायचो, मग कळलं की मास्तर इथे त्या प्रश्नांमध्येच बसलाय, ते सोडवले नाहीत तर नुसतं पान उलटणं होतं. माझा अर्धा इतिहास कंपनीच्या बसमध्ये झाला, तेही सेकंड शिफ्टवरून येताना. ई-बुक मोबाईलवर असल्याने वजनाची भानगड नाही, पण डोळे दुखतात म्हणून मी छापील पुस्तकच वापरलं.

सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रं असतात, शिकवणाऱ्यांना समंत्रक म्हणतात. तिथे जाच. माझ्या बाकावर एक होमगार्ड होता, पुढे अंगणवाडीतल्या दोन ताई, आणि एक काका तर रिटायर झाल्यावर शिकायला आलेले. राज्यशास्त्राच्या तासाला ग्रामपंचायतीचा विषय निघाला आणि त्यातल्या एक ताई माजी सरपंच निघाल्या, मग काय, समंत्रकच ऐकत बसले! रेग्युलर कॉलेजात हे नाही मिळायचं.

आता एक स्टार कुठे गेला. मंगळवारी रात्री 11 ला एखादी गोष्ट अडली तर विचारायला कोणी नाही, रविवारपर्यंत ती डोक्यात तशीच लोंबकळत राहते. दोष या पद्धतीचाच आहे, त्याला इलाज नाही, ग्रुप करा आणि एकमेकांना विचारा. ज्याला कोणीतरी मागे लागल्याशिवाय अभ्यास होत नाही त्याने दहा वेळा विचार करावा. गृहपाठाचे मार्क असतात, तो शेवटच्या आठवड्यात लिहायला घेतला की हात मोडतो.

डिग्री चालते का, हे सगळ्यात जास्त विचारतात. चालते. दूरशिक्षणाला मान्यता असलेल्या विद्यापीठाची डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरायची हे यूजीसीने (विद्यापीठांवर देखरेख करणारी केंद्राची संस्था) 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय, एमपीएससीवाली कितीतरी पोरं याच डिग्रीवर फॉर्म भरतात. पण इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, वकिली असलं काही डिस्टन्सने देतो म्हणणारा भेटला तर तिथून सरळ निघा, त्याला परवानगीच नाही. मलाही एका झेरॉक्सच्या दुकानात एजंट भेटला होता, म्हणाला पेपर द्यायची गरज नाही, फक्त पैसे द्या. असल्यांमुळे प्रामाणिकपणे शिकणाऱ्यांची डिग्री पण लोकांना संशयास्पद वाटते.

हे विद्यापीठ 1989 पासून आहे, पहिले कुलगुरू राम ताकवले, पुढे ते इग्नूचेही (दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) कुलगुरू झाले. इंग्रजी किंवा हिंदी माध्यम जमत असेल आणि एमए करायचं असेल तर इग्नू पण बघा, त्यांची पुस्तकं ईज्ञानकोश साइटवर फुकट मिळतात, आधी चार पानं वाचून मग ठरवा. मराठीतून समजून घ्यायचं असेल तर मात्र मी नाशिकच म्हणेन. काँग्रेसची अधिवेशनं आणि कलमं-बिलमं इंग्रजीतून वाचून मला काही झेपलं नसतं.

ॲडमिशनला आता डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नोंदणी नंबर) लागतो आणि त्यासाठी आधी एबीसी आयडी (आपले शिक्षणाचे क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा नंबर) काढावा लागतो. आधार आणि मार्कशीटवरच्या नावाचं स्पेलिंग सारखं आहे का ते आधीच बघून घ्या, शेवटच्या तारखेला सायबर कॅफेत बसून हे दुरुस्त होत नाही.