नापासांचा क्लास: पाचातले चार तारे, एक कापला तो संडासासाठी

साताऱ्यात राजवाड्याच्या मागच्या बाजूला एका जुन्या वाड्यात हा दहावीच्या गणिताचा क्लास भरतो. पाटी नाही, नाव नाही, पावतीपुस्तक नाही. विचारत जायचं, आणि विचारायचं तर "नापासांच्या बाई कुठं राहतात?" असंच विचारावं लागतं. भर रस्त्यात मोठ्यानं हे विचारलं की निम्मी लाज तिथंच गळून पडते. मी घरी ब्लाउज शिवते. एका गिऱ्हाईकबाईचा भाचा इथूनच गणितात सुटला होता, तिनं माप देता देता पत्ता सांगितला.

आमच्या धाकट्याचा दहावीचा निकाल 13 मे 2025 ला लागला. राज्याचा निकाल 94.10 टक्के. पोरगा बाकी विषयांत पास, गणितात 22. माझ्या वेळी निम्मा वर्ग आपटायचा, एकमेकींच्या घरी जाऊन रडायची सोय होती. आता शंभरातली सहा पोरं राहतात आणि ती सहाच्या सहा गल्लीला पाठ होतात. मी स्वतः 1998 ला इंग्रजीत गेले होते. तेव्हा फेरपरीक्षेला ऑक्टोबरची वारी असायची, तोवर कॉलेजं सुरू होऊन गेलेली असायची. आमच्या घरात तोवर स्थळं यायला लागली होती. 2015 पासून पुरवणी परीक्षा लवकर घ्यायला लागले, त्यामुळं सुटला तर वर्ष वाया जात नाही. 2025 ला पुरवणी 24 जूनला सुरू होणार होती. म्हणजे हातात 42 दिवस.

त्याआधी वर्षभर पोरगा मोठ्या पाटीच्या एका क्लासला होता. एसी, प्रोजेक्टर, 18 हजार रुपये. तिथले सर फळ्यावर तारा काढून "हे येणारच" म्हणायचे आणि पोरं ते पाठ करायची. गणित पाठ. निकालानंतर मी गेले तर रिसेप्शनवरच्या पोरीनं पुरवणीच्या खास बॅचचं पत्रक हातात ठेवलं, सहा हजार. त्यांच्याबद्दल एवढंच.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. पहिला प्रश्न विचारला, "शाळेत जाऊन पुरवणीचा फॉर्म भरला का?" नव्हता भरला. "आधी तो भर, मग माझ्याकडं ये. तारीख गेली तर मी काय शिकवून उपयोग?" पाहुणे सांगत होते, एका विषयाला काय घाबरायचं, एटीकेटीवर, म्हणजे विषय राहिलेला असतानाच, अकरावी घ्या, गणिताचं पुढं बघू. बाई म्हणाल्या, एटीकेटी घ्या की, पण जूनला बसवा. दोन्ही करा. हे आम्हाला शाळेनंही इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

मग पोराला एक कागद दिला. हातानं लिहिलेली वीस गणितं. मला वाटलं वर्गसमीकरणं असतील. बघते तर पहिलं गणित हातच्याच्या वजाबाकीचं, तिसरीतलं. पोरगा माझ्याकडं बघून हसला. सातव्या गणितावर हसायचा थांबला. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, यानं उत्तर लिहिलं दोन पंचमांश. उणे चार अधिक तीन, यानं लिहिलं उणे सात. बाईंनी कागद बघितला आणि विचारलं, "सहावीत होतास तेव्हा कुठलं साल?"

2020-21. पाचवीच्या शेवटाला, मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि सहावी गेली मोबाईलवर. मोबाईल घरात एक, तो ह्यांच्या खिशात, हे एमआयडीसीत. संध्याकाळी सहाला घरी यायचे तेव्हा दिवसभरात आलेले व्हिडिओ बघायचे की नेटपॅक वाचवायचा? पूर्णांक संख्या आणि अपूर्णांकांच्या क्रिया सहावीच्या पुस्तकात आहेत. ते पुस्तक आमच्याकडं अजून आहे, कोरं करकरीत. पुढं आठवीपर्यंत नापास करायचं नव्हतं, त्यामुळं पोरगा वर सरकत गेला. वर्षाला दोनदा प्रगतिपुस्तकावर सही करताना मलाही काही खटकलं नाही. बाई म्हणाल्या, "याला दहावीचं गणित येत नाही असं नाही, याची सहावी राहिलीय."

आता तक्रार सांगते. पहिले बारा दिवस बाईंनी दहावीचं पुस्तक उघडलंच नाही. पाढे, अपूर्णांक, चिन्हं. 42 तले 12 दिवस! मी शिलाईचे पैसे मोजून पाचवीची गणितं विकत घेत होते. नवव्या दिवशी भांडायलाच गेले. बाई तेव्हा सगळ्यांना घेऊन वाड्याच्या दारात उभ्या होत्या. उंबऱ्यावर खडूनं शून्य काढलेलं. बाहेर उतरायला पाच दगडी पायऱ्या, त्याखाली गटार. आमचा पोरगा उणे चारवर, म्हणजे चौथ्या पायरीवर. "अधिक तीन." तीन पायऱ्या चढला, उंबऱ्याच्या एक पायरी खाली थांबला. स्वतःच्या पायांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मग मी उणे सात कशाला लिहीत होतो?" बाईंनी त्याला परत चौथीवर पाठवलं, "आता वजा तीन." तो पाचवीवर उतरला आणि थांबला, पुढं पायरीच नव्हती. "बाई, गटारात जातोय." "जा, उत्तर बरोबर आहे." सगळी पोरं हसली. मी भांडण तसंच घेऊन घरी आले.

तेराव्या दिवसापासून दहावी. तीही सगळी नाही. अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, सांख्यिकी, भौमितिक रचना, महत्त्वमापन हे पक्कं करायचं, वर्तुळाची प्रमेयं वेळ उरला तर. 90 टक्केवाल्यांनी इकडं येऊ नये, त्यांचं काम नाही इथं. रचनांना मात्र दोन आठवडे रोज एक. कंपास बोथट पेन्सिल लावून आणलेला दिसला की बाईंची जीभ सुटते. "डोक्यात साबुदाणा भिजत घातलायस का?" हे आमच्या पोराला दोनदा ऐकावं लागलं. हळव्या पोरांच्या आयांनी आधी विचार करावा.

शनिवारी आईबापातल्या एकानं अर्धा तास येऊन बसायचं, ही अट आहे. मे महिन्यात, लग्नसराईत, मशीन बंद करून जायचं म्हणजे काय ते शिवणारीलाच कळेल. तिथं पोरगं फळ्यावर एक गणित मोठ्यानं बोलत सोडवतं आणि आपण तोंड उघडायचं नाही. नुसतं ऐकायचं. एक बाप होते, पोराचं जरा अडलं की खुर्चीत "अरे, अरे" करायचे. बाईंनी त्यांना जिन्यात बसवलं. मला शंकूचं घनफळ कळलं असं मी म्हणणार नाही, पण माझं पोरगं चुकलं, थांबलं, मागं जाऊन स्वतःच पुसलं, हे मी बघितलं. घरी चुकला की वही बंद करायचा.

गैरहजेरीचं वेगळंच. एक दिवस चुकला तर फोन, दुसऱ्या दिवशी बाई दारात. आमच्या बॅचला अकरा पोरं. एक जण हायवेच्या हॉटेलात कामाला लागला, त्याच्या मालकाला जाऊन बाईंनी सकाळचे दोन तास मागून घेतले. दुसरा केटरिंगला गेला तो गेलाच. एक एकोणीस वर्षांची मुलगी होती, साडीच्या दुकानात काम करते, लॉकडाऊनमध्ये नववीत शाळा सुटलेली. तिला पुरवणी लागूच नव्हती. बाईंनी तिला एनआयओएसचं समजावलं, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. पाच विषय, गणित घेतलंच पाहिजे असं नाही, पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं, एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. माझ्या वेळी मला हे कुणी सांगितलं असतं तर, असं वाटून गेलं. असो. एनआयओएस 1989 पासून आहे म्हणे.

फी दोन हजार, तीन हप्त्यांत. शेवटचे पाचशे मी अस्तराच्या दोन ब्लाउजांत फेडले. हिशेबानं मीच दीडशेनं वर राहिले, पण ते जाऊ दे.

उणं काय? विज्ञान इथं नाही. कुणाचे दोन विषय राहिले असतील तर दुसरीकडं बघावं लागेल. पंखा एक, तोही बाईंच्या डोक्यावर. जूनमध्ये खोली उजव्या कोपऱ्यात गळते, तिथं बादली असते, बादलीपाशी कोण बसणार यावर रोज वाद. ऑनलाइनचं बाईंना काही कळत नाही. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, त्यासाठी आम्ही सायबर कॅफेत तीन खेपा घातल्या. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला एकदा विचारलंस, परत विचारू नकोस."

पुरवणीचा निकाल जुलैच्या शेवटी लागला. अकरातली दहा बसणार होती, नऊ बसली, सात सुटली. आमच्याला 44. कॉमर्सला गेला, गणित घेतलं नाही. मी काही बोलले नाही.

कुणाला जायचं असेल तर निकालानंतर लगेच जा, सकाळी साडेसातच्या आत. शाळेतून फॉर्म भरून जा. पोराला बरोबर न्या, त्याच्याबद्दल तुम्ही बोलू नका, वीस गणितांचा कागद बोलेल. पाण्याची बाटली द्या. आणि घरून निघताना सगळं आवरून पाठवा, कारण क्लास तीन तासांचा आहे आणि वाड्याचा संडास भाडेकरूंचा आहे. किल्ली मागायला बाई स्वतः जातात, पण द्यायची की नाही ते भाडेकरूंवर.