घरी काढलेला कॉफीचा अर्क व्हेपमध्ये: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरपासून यंदाच्या मेपर्यंत मी स्वयंपाकघरात स्वतः काढलेला कॉफीचा अर्क व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, द्रवात मिसळून वापरला. या काळात सहा वेळा अर्क काढला, दरवेळी प्रमाण, दळण आणि गाळण्याची पद्धत थोडी थोडी बदलली आणि सगळ्याची नोंद एका वहीत ठेवली. चवीच्या बाबतीत हा अर्क मी विकत घेतलेल्या प्रत्येक बाटलीपेक्षा सरस ठरला. तरीही तो फुफ्फुसात ओढण्यासाठी कोणी वापरू नये, या मताला मी आलो आहे, आणि मी स्वतः तो वापरणे थांबवले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे नीट सांगण्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मी इंग्लंडमध्ये स्लाउ येथे राहतो. एकोणीस वर्षे सिगारेट ओढल्यानंतर २०२३ मध्ये, धूम्रपान सोडण्यासाठी येथे जी सरकारी सेवा असते तिच्या मदतीने, मी व्हेपवर आलो. येथील २०१६ च्या नियमांनुसार निकोटीनयुक्त द्रवात एका मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटीन चालते, बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नसते आणि व्हेपच्या टाकीत २ मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव मावता कामा नये. निकोटीन नसलेल्या द्रवाला ही मापे लागू नाहीत. त्यामुळे बिननिकोटीनचा द्रव मोठ्या बाटलीत घ्यायचा आणि त्यात १० मिलिलिटरचा ‘निकोटीन शॉट’, म्हणजे निकोटीनयुक्त द्रवाची छोटी बाटली, ओतायचा, अशी रीत येथे पडली आहे, आणि तिथून स्वतःचे मिश्रण स्वतः तयार करण्यापर्यंतचा प्रवास फार लांबचा नसतो. भारतात परिस्थिती अगदी वेगळी आहे. २०१९ च्या कायद्याने तेथे ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. पुण्यातील माझ्या मावसभावाने एक बाटली घेऊन येण्याची विनंती केली तेव्हा मी तिला स्पष्ट नकार दिला.

कॉफीच का, याचे उत्तर सिगारेट सोडलेल्या कोणालाही लगेच कळेल. दिवसभरातल्या इतर सगळ्या सिगारेटी मी तुलनेने सहज सोडल्या, परंतु सकाळच्या कॉफीबरोबरची सिगारेट सुटत नव्हती. तो वास आणि तो झुरका माझ्या मनात इतके एकत्र बसले होते की कॉफीचा कप हातात आला की हात आपोआप खिशाकडे जाई. व्हेपला कॉफीचाच स्वाद असेल तर ही जागा भरून निघेल, असे मला वाटले.

दुकानातल्या कॉफी स्वादांनी मात्र निराशा केली. मी सात-आठ प्रकार वापरून पाहिले आणि त्यांचे ढोबळमानाने दोन गट पडले. एका गटात कॉफी नावापुरती होती आणि कॅरमेल, बिस्किट, दुधाची साय यांचा गोडवा फार. दुसऱ्या गटात कॉफीचा वास होता, पण तिसऱ्या-चौथ्या झुरक्यानंतर जळलेल्या रबरासारखा उग्र दर्प येऊ लागे. याचे कारण मला नंतर समजले. भाजलेल्या कॉफीत आठशेहून अधिक सुगंधी द्रव्ये असतात. हेर्मान स्टाउडिंगर आणि टाडेउस राइखश्टाइन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात कॉफीच्या वासाचा माग काढला. पुढे दोघांनाही इतर कामांसाठी नोबेल मिळाले. त्यांच्या कामातून पुढे आलेले फर्फ्युरिलथायॉल हे गंधकयुक्त द्रव्य अत्यल्प प्रमाणात असले तर ताज्या कॉफीचा वास देते आणि प्रमाण जरा वाढले की त्याचाच उग्र दर्प होतो. शिवाय ते टिकत नाही. म्हणजे कृत्रिम कॉफी स्वाद बनवणाऱ्याची वाट मुळातच अरुंद आहे. खऱ्या कॉफीतून थेट अर्क काढावा, म्हणजे ही सगळी द्रव्ये आपापल्या प्रमाणात येतील, या विचाराने मी कामाला लागलो.

पद्धत सोपी होती. व्हेपच्या द्रवाचे दोन मुख्य घटक म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल आणि भाजीजन्य ग्लिसरीन. सगळे त्यांना पीजी आणि व्हीजी म्हणतात. स्वाद विरघळवण्याचे काम पीजी उत्तम करते. चिकमगळूरची मध्यम भाजलेली अरेबिका जाडसर दळून ३० ग्रॅम घेतली, काचेच्या बरणीत १०० मिलिलिटर पीजीमध्ये घातली, बरणी साधारण ५० अंश तापमानाच्या पाण्यात तीन तास ठेवली आणि मग चार दिवस अंधारात मुरू दिली. आधी स्वच्छ सुती कापडातून आणि नंतर कागदी फिल्टरमधून दोनदा गाळले. पीजी पाण्यापेक्षा बरेच दाट असल्याने कागदातून ते थेंबाथेंबाने उतरते. पहिल्या वेळी संध्याकाळी लावलेली गाळणी सकाळीसुद्धा चालूच होती. त्यानंतर बाटली रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून गारठलेल्या अवस्थेत पुन्हा एकदा गाळली. शंभरातले सुमारे सत्तर मिलिलिटर हाती लागले, बाकी चोथ्याने शोषून घेतले. रंग काळसर तांबडा आणि बाटली उजेडात धरली तर पूर्ण पारदर्शक.

मिश्रणात हा अर्क मी दहा टक्के घालत असे. पहिला झुरका घेतला तो क्षण मला अजून आठवतो. ती नुकत्याच फोडलेल्या पुडीतली, खरपूस, किंचित आंबूस कॉफी होती आणि गोडवा अजिबात नव्हता. त्या आठवड्यापासून आजपर्यंत मी एकही सिगारेट ओढलेली नाही. त्यामुळे या अर्काबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, आणि पुढे जे लिहीत आहे ते लिहिताना मला मनापासून वाईट वाटते आहे.

पहिली अडचण कॉइलची, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ करणाऱ्या तारेच्या भागाची. साधा, स्वाद नसलेला द्रव वापरला तर माझी कॉइल तीन आठवडे चालते. दुकानातला कॉफी स्वाद असेल तर दहा-बारा दिवस. घरच्या अर्कावर ती दोन किंवा फार तर तीन दिवसांत काळी पडे. तार आणि कापूस यांवर डांबरासारखा थर बसे, वाफ कमी होई आणि चव करपट लागे. भाजलेल्या कॉफीतले तपकिरी रंगद्रव्य आणि साखरेचे अवशेष पीजीमध्ये उतरतात, पण त्यांची वाफ होत नाही. ते तारेवरच राहतात आणि जळतात. एका कॉइलला जवळपास तीन पौंड पडत असल्याने घरगुती अर्काने पैसे वाचतात हा समज पहिल्याच महिन्यात दूर झाला. कागद बारीक घेऊन पाहिला, मुरवण्याचा काळ चार दिवसांवरून एका दिवसावर आणला, गरम न करता अर्क काढून पाहिला. गरम न केलेल्या अर्काने कॉइल एखादा दिवस जास्त टिकली, इतकाच फरक.

तिसऱ्या वेळी दाक्षिणात्य फिल्टर कॉफीसारखी चव यावी म्हणून चिकोरी मिसळलेली पूड घेतली. ही माझी सर्वांत मोठी चूक. चिकोरीच्या मुळात इन्युलिन हे कर्बोदक भरपूर असते, भाजताना त्याची साखर होऊन ती करपते आणि हे सगळे अर्कात उतरते. कॉइल त्याच संध्याकाळी गेली. इन्स्टंट कॉफी पीजीत विरघळवण्याचा प्रयोगही तितकाच निरर्थक ठरला, कारण तिच्यात मुळात न गाळता येणारा अंशच जास्त असतो.

चवीचे टिकणे हाही प्रश्न होता. अर्क दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वोत्तम लागे. तीन आठवड्यांनी त्यातली ताजी कॉफी निघून जाई आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलांसारखा वास तेवढा उरे. फ्रीजमध्ये, गर्द रंगाच्या, काठोकाठ भरलेल्या छोट्या बाटल्यांत ठेवल्याने हा काळ सुमारे दीड महिन्यापर्यंत लांबला. एवढ्यासाठी मी दर महिन्याला नव्याने खटाटोप करायला तयार होतो. तोपर्यंतच्या सगळ्या अडचणी केवळ कष्टाच्या आणि खर्चाच्या होत्या.

जानेवारीच्या अखेरीस मला सकाळचा कोरडा खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी छाती तपासली, दोष काही आढळला नाही, पण व्हेपमध्ये काय घालता हे विचारले आणि मी सांगितल्यावर त्यात तेल आहे का, असा प्रश्न केला. मी ठामपणे नाही म्हटले. गोठवून आणि कागदातून गाळून तेल काढले आहे, बाटली पारदर्शक आहे, हे माझे उत्तर होते. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न मनातून जाईना. अरेबिकाच्या दाण्यात वजनाच्या सुमारे १५ टक्के स्निग्धांश असतो, रोबस्टात दहाच्या आसपास. तो सगळा चोथ्यात आणि कागदातच राहिला असेल का?

मी काचेच्या पेल्यात थंड पाणी घेतले आणि त्यात चमचाभर अर्क ओतला. पाणी क्षणात गढूळ झाले. पेला तासभर तसाच ठेवला तेव्हा पाण्यावर बारीक, इंद्रधनुषी तवंग दिसला. पीजी पाण्यात पूर्ण मिसळते, तेल मिसळत नाही. पीजीत थोडे तेल विरघळलेले असते तोवर ते डोळ्यांना दिसत नाही. पाणी घातल्यावर पीजीची तेल धरून ठेवण्याची ताकद कमी होते आणि तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. विरघळलेले तेल कोणत्याही कागदाने गाळले जात नाही, हे मला आधीच सुचायला हवे होते. मग उरलेल्या तिन्ही बाटल्यांची मी हीच चाचणी घेतली. गरम न केलेल्या अर्कात गढूळपणा कमी होता, पण होताच.

पोटात गेलेले कॉफीचे तेल पचते. फुफ्फुसाकडे ते पचवण्याची सोय नाही. तेथे साचलेल्या तेलामुळे लिपॉइड न्यूमोनिया नावाचा दाह होऊ शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुफ्फुसाच्या गंभीर आजाराची जी साथ आली तिचा संबंध प्रामुख्याने गांजाच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी होता, आणि तेही तेलकटच द्रव्य आहे. माझा खोकला याच कारणाने होता असा दावा मी करणार नाही. घरचा अर्क बंद केल्यानंतर मार्चमध्ये तो थांबला, एवढे मात्र वहीत नोंदलेले आहे.

दुसरी बाब डायअसिटाइलची. लोणी आणि साय यांच्या स्वादात वापरले जाणारे हे द्रव्य येथील निकोटीनयुक्त द्रवात घालण्यास बंदी आहे. अमेरिकेतील मिसूरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातील कामगारांना २००० च्या सुमारास श्वासनलिकांचा न भरून येणारा आजार झाल्याचे आढळले आणि त्याचे धागे या द्रव्याच्या वाफेपर्यंत पोचले. नैसर्गिक कॉफीत असले काही नसते, असे मी गृहीत धरले होते. वस्तुस्थिती अशी की कॉफी भाजताना डायअसिटाइल आणि त्याचे भावंड २,३-पेंटेनडायोन ही दोन्ही आपोआप तयार होतात, आणि टेक्सासमधील एका कॉफी प्रक्रिया कारखान्यातल्या कामगारांमध्ये तोच आजार आढळल्याची नोंद अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. सिगारेटच्या धुरातही डायअसिटाइल असते आणि व्हेपच्या द्रवाच्या तुलनेत पुष्कळ जास्त असते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु विकत घेतलेल्या स्वादाचा उत्पादक चाचणी करून आकडा देऊ शकतो. माझ्या बरणीतल्या अर्कात ते किती आहे हे सांगण्याचे माझ्याजवळ काहीही साधन नव्हते, आणि ‘घरचे ते शुद्ध’ हा आपल्याकडचा विश्वास पापडा-लोणच्यापुरता ठीक असला तरी वाफ करून छातीत ओढायच्या वस्तूला तो लावता येत नाही.

मार्चपासून मेपर्यंत मी एक मधला मार्ग चोखाळून पाहिला. अर्कात पाणी घालून तेल बाहेर पाडायचे, गाळायचे आणि उरलेले पातळ द्रावण अगदी दोन टक्के वापरायचे. मी ते मोजून पाच-सहा वेळाच ओढले. त्यात कॉफी जवळजवळ उरलीच नव्हती, कारण वास बहुतांश त्या तेलालाच धरून होता. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी हा प्रयत्नही सोडला.

सध्या मी डायअसिटाइल आणि पेंटेनडायोन नसल्याचा चाचणी अहवाल देणाऱ्या उत्पादकाचा कॉफी स्वाद दोन टक्के वापरतो. प्रमाण इतके कमी ठेवले की रबराचा दर्प येत नाही. कॉफीही पुसटच लागते. निकोटीन १२ मिलिग्रॅमवरून ३ वर आणले आहे. सकाळी खरी कॉफी कपात घेतो आणि स्वाद नसलेल्या द्रवाचे दोन झुरके तिच्यासोबत घेतो. बाजूला खऱ्या कॉफीचा वास असला की द्रवात तो नसला तरी चालते, हे मला नऊ महिन्यांनी उमगले.

शेवटच्या वेळचा अर्क मी फेकला नाही. निकोटीनची बाटली, सिरिंज आणि हातमोजे मी पहिल्यापासून वेगळ्या, कुलूपबंद डब्यात ठेवत आलो, त्यामुळे अर्काला निकोटीनचा स्पर्शही झालेला नाही, आणि मी घेतलेले पीजी खाद्य दर्जाचे होते. आईच्या हातच्या कॉफीत जायफळ असे. ते अर्कात घालण्याचा मोह मला अनेकदा झाला होता, पण जायफळात कॉफीपेक्षाही जास्त स्निग्धांश असल्याचे वाचून मी हात आवरला होता. गेल्या रविवारी चक्का फेटताना त्यात अर्धा चमचा अर्क घातला आणि वरून जायफळ किसले. उरलेल्या बाटलीवर ‘फक्त खाण्यासाठी’ अशी चिठ्ठी चिकटवून ती फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवली आहे.