टॉम अँड जेरी गोल्डन कलेक्शन, खंड 1 : मारामारीमागची शिस्त

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने मेट्रो-गोल्डविन-मेयर या स्टुडिओसाठी 1940 ते 1958 या काळात टॉम आणि जेरीचे एकूण 114 लघुपट केले. त्यांपैकी 1948 पर्यंतचे पहिले 37 लघुपट, ज्या क्रमाने प्रदर्शित झाले त्याच क्रमाने, 2011 मध्ये डिस्कवर निघालेल्या या खंडात एकत्र पाहायला मिळतात. भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयाला पुण्यात नोकरी करणाऱ्या एका जुन्या वाचकाने तो भेट दिला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, बाहेर पाऊल टाकणे अशक्य असलेल्या दुपारी, कूलर लावून आम्ही तो भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवला. बोलावले होते गावातल्या पोट्ट्यांना. दोन-चार दिवसांत त्यांच्या आज्याही येऊन बसू लागल्या.

ऐंशी वर्षांपूर्वी अमेरिकेत काढलेली ही चित्रे आजही इतके का हसवतात, याचे नेहमीचे उत्तर असे की त्यांत संवाद जवळजवळ नसतात आणि मारामारीला भाषा लागत नाही. ते खोटे नाही, पण अपुरे आहे; कारण नुसती मारामारी आजच्या मुलांच्या मोबाइलमध्ये हवी तेवढी आहे आणि ती पाहताना मुले हसत नाहीत. हे 37 लघुपट ओळीने पाहिल्यावर माझे मत असे झाले की यांतले जे उत्तम आहेत, त्यांतल्या प्रत्येकाला एक कडक अट आहे. ती पहिल्या मिनिटभरात प्रेक्षकाला डोळ्यांनी कळते आणि शेवटपर्यंत कोणालाही तिच्यातून सूट मिळत नाही.

पहिलाच लघुपट, ‘पस गेट्स द बूट’ (1940), घ्या. त्यात बोक्याचे नाव अजून टॉम नसून जॅस्पर आहे, चित्रण केसाळ आणि गती संथ आहे. पण अट मात्र तेव्हाच सापडलेली आहे. घरातली आणखी एक वस्तू फुटली तर बोक्याची हकालपट्टी होणार. हे उंदराला कळते, तो काचेचा पेला घेऊन टेबलाच्या कडेवर उभा राहतो आणि तेथून पुढे बोका त्याचा गुलाम होतो. ‘क्वाएट प्लीज’ (1945) मध्ये हीच कल्पना आवाजावर आणली आहे : झोपमोड झालेला कुत्रा टॉमला दम देऊन पुन्हा झोपतो आणि जेरी जमेल तेवढा गोंगाट करायला निघतो. टॉम त्याला पकडायचे सोडून पडणारी प्रत्येक वस्तू जमिनीला टेकण्याआधी झेलत सुटतो. घरी दुपारी आजोबा झोपलेले असताना भांडे पडले तर काय होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्या मुलांना येथे काही समजावून सांगावे लागले नाही.

‘द बॉडीगार्ड’ (1944) मध्ये अट शिट्टीची आहे. जेरीने सोडवलेला कुत्रा, शिट्टी वाजवताच मदतीला येईन, असे वचन देतो. टॉम मग उंदराला चघळायला बबलगम मिळेल अशी व्यवस्था करतो, म्हणजे त्याला शिट्टी वाजवताच येणार नाही. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, हंगामात झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांतून विनोदी भूमिका करणारे एक गृहस्थ आमच्याकडे बसले होते. त्यांनी हा लघुपट पुन्हा लावायला सांगितला आणि दुसऱ्या वेळी ते पडद्याकडे कमी व प्रेक्षकांकडे जास्त पाहत होते. त्यांचे निरीक्षण मला पटले : “हसू मार पडल्यावर नाई येत जी, मार येऊन रायला हे दिसते ना, तवाच येते.” रात्रभर चालणाऱ्या नाटकात मध्यरात्री पेंगणाऱ्या मंडपाला जागे करणाऱ्या माणसाचे हे म्हणणे आहे, त्यामुळे त्याला वजन आहे.

संग्रहाचा कळस ‘द कॅट कॉन्चेर्टो’ (1947) हाच आहे, याविषयी मला शंका नाही. टॉम भर मैफिलीत फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी पियानोवर वाजवतो आहे, जेरी त्याच पियानोत झोपलेला आहे आणि अट एवढीच की वादन थांबता कामा नये. चित्रकारांनी टॉमची बोटे सुरांच्या जागी नेमकी पडतील अशी काळजी घेतली असल्याने हाणामारी आणि संगीत वेगळे काढताच येत नाहीत. याच रचनेवर वॉर्नर ब्रदर्सने 1946 मध्ये बग्ज बनीचा लघुपट काढला होता आणि कोणी कोणाची कल्पना उचलली, हा वाद पुढे बराच रंगला. चांगल्या गोष्टीला दोन मालक निघतात, तसेच हे. एरवीचे संगीत स्कॉट ब्रॅडली यांचे. वाद्यवृंदाने प्रत्येक पाऊल आणि प्रत्येक घसरणे उचलून धरल्यामुळे संवादांची उणीव भासत नाही. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी मात्र वाद्याची नव्हे, खुद्द हॅना यांची.

अट नसली की मात्र लघुपट ढिला पडतो. ‘द यँकी डूडल माउस’ (1943) ला या मालिकेचे पहिले ऑस्कर मिळाले, तरी मला तो तळघरातल्या युद्धाची लांबलेली गंमत वाटला. त्यातले महायुद्धाचे संदर्भ आमच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचले नाहीत. अंडी फुटली तेवढ्यावर हशा आला. त्याउलट ‘द नाइट बिफोर ख्रिसमस’ (1941) मध्ये बर्फात बाहेर काढलेल्या जेरीसाठी टॉमचा जीव कासावीस होतो, तेव्हा ज्यांनी बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर पाहिला आहे ती मुलेही गप्प झाली.

एक गोष्ट पालकांनी आधीच समजून घ्यावी. घरातली कृष्णवर्णीय मोलकरीण या लघुपटांत वारंवार येते आणि तिचे बोलणे-वागणे त्या काळातील अमेरिकी वर्णद्वेषी साच्यातले आहे. तिच्यावर हसू आलेच तर ते का आले, हे मुलांशी बोलायला हवे. आम्ही बोललो. आपल्याकडच्या जुन्या विनोदांतही कामवाल्या माणसाची अशीच थट्टा असते, हे एका मुलीने न विचारता सांगितले.

हिंसेची तक्रार मला तितकी गंभीर वाटत नाही. “हा बोका मरत कायले नाई जी?” असे एका आजीने विचारले खरे, पण बोका मरत नाही हे कळल्यावर त्या जास्तच मोकळेपणाने हसू लागल्या.

सगळे लघुपट सलग पाहण्याची चूक करू नये. प्रत्येक साधारण सात-आठ मिनिटांचा असून मूळ चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी एकेकटा दाखवला जाई. पाचव्यानंतर पाठलाग एकसारखे वाटू लागतात. सुरुवात पहिल्या लघुपटाने न करता ‘माउस ट्रबल’ (1944) ने करावी. उंदीर पकडण्याचे पुस्तक वाचून त्याबरहुकूम वागणारा टॉम प्रत्येक प्रकरणाअखेर आणखी मोडत जातो, आणि पुस्तकी ज्ञानाची ही फजिती वाचनालयात पाहण्यात वेगळीच मजा आहे. मालिकेच्या सात ऑस्करांपैकी चार या खंडात आहेत. उरलेले तीन 1948 नंतरच्या लघुपटांना मिळाले असून, 2013 साठी जाहीर झालेला दुसरा खंड दोन लघुपट वगळण्यावरून झालेल्या नाराजीनंतर रद्द झाला. त्यामुळे ‘द टू माउसकेटीअर्स’ किंवा ‘योहान माउस’ पाहायचे असतील, तर ते या संचात मिळणार नाहीत.