ताज्या रंगाचं जुनं टेबल घेताना सावध राहा

जुनं साइड टेबल घेऊन त्याला मनासारखा रंग द्यायचा, मुठी-बिजागऱ्या बदलायच्या असा बेत असेल, तर माझी फसवणूक कशी झाली ते आधी वाचा. ‘भरीव सागवान आहे, मुठी अस्सल पितळेच्या आहेत, रंगाचा हात मारून ठेवलाय,’ असं सांगून मला टेबल विकलं. सागवान खोटं निघालं, पितळ खोटं निघालं, आणि रंग मारला होता तो हे दोन्ही झाकायला.

मला तो पांढरा रंग नको होता, म्हणून आधी दाराची बिजागरी काढायला घेतली. स्क्रू जागच्या जागी फिरत राहिला. पक्कडीने ओढला तेव्हा त्याच्या आट्यांत तपकिरी भुसा अडकून आला. सागवानात स्क्रू सहसा असा सैल बसत नाही. वरच्या फळीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवला, तर रंगाखाली लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि त्याखाली दाबून चिकटवलेल्या चिपा. सरळ सरळ पार्टिकल बोर्ड! मागचे दोन पाय तळाशी पाण्याने फुगलेले होते. तो फुगवटा घासून, लांबी (पुट्टी) भरून, वर रंग दिला होता. हा बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही, आणि फुगलेल्या भागात स्क्रूही धरत नाही.

मुठींची गोष्ट मला जास्त लागली. विकणाऱ्याने माझ्यासमोर लोहचुंबक लावून दाखवलं होतं, ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे पितळच.’ चुंबक न चिकटल्याने ते लोखंड नाही एवढंच कळतं. जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही, आणि त्याच्यावर पिवळा मुलामा देऊन मुठी सर्रास विकल्या जातात. मुठीच्या मागच्या बाजूला कानस घासली की आतला रंग दिसतो. पितळ आतूनही पिवळंच असतं. माझ्या मुठी आतून पांढुरक्या निघाल्या.

पार्टिकल बोर्डाचं टेबल वाईटच असं मी म्हणत नाही. चांगला प्रायमर लावून तेही सुंदर रंगवता येतं, फक्त ते बोर्ड म्हणून आणि बोर्डाच्या भावात विकायला हवं. सागवानाचे पैसे घेऊन बोर्ड देणं ही चोरी आहे.

टेबल बघायला जाल तेव्हा वरची फळी सोडा, जिथे रंग पोचत नाही तिथे बघा. उलटं करा, मागची बाजू बघा, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. भरीव लाकडात वरच्या रेषा कडेवरून पुढे उतरतात आणि आडव्या कापाच्या टोकाला वार्षिक वलयांचे तुकडे दिसतात. तीच नक्षी थोड्या अंतराने हुबेहूब पुन्हा आली, तर ती छापील समजा. बारीक भोकं आणि त्यातून पडलेली ताजी पिठासारखी भुकटी दिसली तर कीड अजून आत आहे, ते टेबल घरात आणूच नका. माझ्या वेळी ड्रॉवर उघडू दिला नाही, ‘रंग ओला आहे, चिकटेल’ म्हणून. वर ‘दुसरं गिऱ्हाईक निघालंय, पैसे आत्ता द्या’ अशी घाई. या दोन गोष्टी एकत्र आल्या तर तिथून निघा.

तक्रार केली तेव्हा उत्तर आलं, ‘जुना माल आहे, परत घेत नाही.’ पुढे माझा नंबर ब्लॉक झाला आणि जाहिरातही गायब झाली. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे देण्याआधीच काढून ठेवा आणि ‘भरीव सागवान’ हे शब्द मेसेजमध्ये लिहून मागा. मी लाकडाबद्दल लिहून विचारलं की तो दर वेळी फोनच करायचा. सागवान हा शब्द त्याने एकदाही लिहिला नाही.